गाडी गार असू द्या

(धुळ्यात हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ट्रकमालक, चालक आणि आयटीआयच्या मुलांसमोर एका डिझेल मिस्त्रीनं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

डिसेंबर लागला की माझा फोन सकाळी सहालाच वाजायला लागतो. पलीकडचं वाक्य ठरलेलं. ‘अप्पा, गाडी पांढरा धूर फेकी ऱ्हायनी. हेड गयं का?’ हेड म्हणजे सिलिंडरांच्या वरचा इंजिनाचा भाग. मी विचारतो, गाडी कुठे आहे? ‘चालूच आहे, घेऊन येतो ना, पंधरा मिनिटांत पोचलो.’ आणि पंधरा मिनिटांनी ती दारात उभी राहते, शाळा तपासणीच्या दिवशी पोरं बसतात तशी. सायलेन्सरमधून टिपूस नाही. चालक ओशाळून म्हणतो, ‘अप्पा, आईशप्पथ, आत्ता एवढा लोट होता!’ असेल ना बाबा. पण मला जे बघायचं होतं ते तू नगावबारीपासून इथपर्यंत रस्त्यावर सांडून आलास.

म्हणून आज एवढंच सांगायला आलोय. गार गाडीचा धूर बघायचा तर गाडी गार पाहिजे. संध्याकाळी आणून लावा, किल्ली माझ्याकडे द्या, घरी जा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन मिनिटांत जे सांगते, ते दिवसभरात परत सांगत नाही. चोवीस तासांत एकच संधी. ती कोणी मधेच सेल्फ मारून, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर लावून, घालवली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

हे मी शहाणपणानं नाही, नुकसान करून शिकलो. पंचविशीच्या आतला होतो, उस्तादांकडे नुकतं इंजिन उघडायला मिळायला लागलं होतं. कापसाच्या गाठी भरलेली एक गाडी आली, जुनं 697 इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर. पहाटे चालू केली की पांढऱ्या धुरानं अख्खा अड्डा भरायचा, पाच-सात मिनिटांनी साफ. उस्ताद गावाला गेले होते. मी ठरवून टाकलं, हेड पॅकिंग, म्हणजे हेडखालची पाणी-गॅस अडवणारी पट्टी गेली. पांढरा धूर म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पॅकिंग. हेड उतरवलं, फेसिंग करून आणलं, नवं पॅकिंग टाकलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या पहाटे सेल्फ मारला आणि तोच धूर, तसाच. उस्ताद तोवर आले होते. ते धुराकडे बघतच नव्हते, पाठ करून उभे होते. म्हणाले, ‘परत मार. अन् ऐक.’ सेल्फ घुर्र... घुर्र... असा दमून फिरत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट बुरशी, अर्थिंगची वायर चॅसीला सैल. वायर घासून आवळली, आणि पुढच्या सकाळी गाडी झटक्यात चालू, धूर नावापुरता. हेड बिचारं निर्दोष होतं. मालकाच्या दोन फेऱ्या बुडाल्या, मजुरी मागायला मला तोंड राहिलं नव्हतं.

सेल्फ हळू फिरला तर धूर का येतो, हे आयटीआयच्या पोरांनी नीट समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं, एवढ्यावर सगळं चालतं. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. आता मे महिन्यातली दुपार घ्या, 40 अंश. ती हवा दाबली की हिशेबानं साधारण साडेचारशे अंशांच्या पुढे जाते. जानेवारीतली पहाट घ्या, 10 अंश. तीच हवा, तेवढीच दाबली, तर चारशेच्या आतच थांबते. बाहेर फरक 30 अंशांचा, आत जवळपास 70 चा. त्यात पिस्टन हळू चढला तर दाबलेल्या हवेची उष्णता गार लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीत, निघून जाते आणि काही हवा रिंगांच्या कडेनं पळते. मग डिझेल पडतं, पण पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतं. न जळलेल्या डिझेलची वाफ गार सायलेन्सरमधून बाहेर आली की पांढरी दिसते. तो तुमचा पांढरा धूर. त्यात पाण्याचा थेंब नसतो.

म्हणून सकाळी आधी कान, मग डोळे, मग नाक. 24 व्होल्टच्या गाडीला दोन बॅटऱ्या असतात. सेल्फ फिरत असताना मीटर लावा. 19 च्या खाली आकडा घसरत असेल तर तिथेच थांबा, बाकीचं नंतर. आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल कोणतं आहे तेही विचारा. जाड ऑइल थंडीत गुळाच्या पाकासारखं होतं, बॅटरी धडधाकट असली तरी सेल्फला जड जातं.

सेल्फ चांगला फिरतोय आणि तरी पांढरा धूर येतोय, तर नाकाचं काम. डिझेलचा धूर डोळ्यांना चरचरतो, घशात बसतो, जमिनीलगत रेंगाळतो. पाण्याची वाफ दोन-चार हातांवर विरून जाते. कूलंटची, म्हणजे रेडिएटरमधल्या द्रवाची, वाफ असली तर किंचित गोडसर वास येतो. खात्री नसेल तर पांढरं फडकं सायलेन्सरपासून हातभर लांब धरा, मग हुंगा आणि बोटांनी चोळून बघा. तेलकट लागलं तर डिझेल, नुसतं ओलं लागलं तर पाणी. नंदुरबारला मिरचीच्या आवारात मात्र ही परीक्षा करू नका. तिथे मी एकदा डोळे चोळत चोळत नोझलला, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीला, दोष दिला होता. धूर साधा होता, शेजारी मिरची पसरलेली होती.

आणि थोडी वाफ तर येणारच. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी सायलेन्सर गार असतो, ती वाफ दिसते, टोकावर दोन थेंबही लोंबतात. ते बघून हेडबद्दल शंका घेऊ नका. हेडची शंका कधी घ्यायची? रेडिएटर रोज रात्रीतून पाणी मागतोय, बाहेर कुठे गळती दिसत नाही, आणि गाडी तापल्यावरही पांढरं येतच राहतंय, तेव्हा. मग सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, गार असतानाच बरं का, आणि चालू करून आत बघा. पहिल्याच मिनिटात बुडबुडे सुटायला लागले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. किंवा झाकण लावून वरचा होज दाबून बघा. इंजिन अजून गार आणि होज दगडासारखा कडक, म्हणजे तेच. आणि सेल्फ मारल्याबरोबर इंजिन ठक्क करून अडकलं, तर जोर करू नका. रात्रीतून पाणी पिस्टनवर साचलं असेल. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, पाणी बाहेर पडू द्या.

आता माझा आवडता भाग. सेल्फ ठीक, पाणी ठीक, धूर डिझेलचा. पण तो सहाही सिलिंडरचा आहे, का एकाच सिलिंडरचा?

सहाचा असेल तर कारण सगळ्यांना लागू पडणारं असतं. पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, मागे गेलंय, छोट्या गाड्यांत सिलिंडर आतून तापवणारे हीटर प्लग मेलेत, डिझेलच वाईट आहे, किंवा रात्रीतून लाइननं एअर घेतलीय. एअरची परीक्षा सोपी. सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या, दहा-बारा वेळा मारा. आधी सैल जातो आणि मग कडक होतो, त्यानंतर गाडी पहिल्या झटक्यात धूर न काढता चालू होते? मग पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचा तांब्याचा वॉशर नाहीतर टाकीकडून येणारा पाइप बघा. डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, कारण तिथे ओढ असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. माझ्याकडे त्यासाठी हातभर पारदर्शक पाइप ठेवलाय. तो मधे जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, कोणाशी वाद घालावा लागत नाही. नाक वर करून चढावर लावलेली, टाकी तळाला गेलेली गाडी रात्रीतून जास्त एअर घेते हेही लक्षात ठेवा.

डिझेलचंही सांगतो. थंडीत डिझेलमधलं मेण गोठायला लागतं, म्हणून कंपन्यांचं हिवाळी डिझेल वेगळं येतं. ते 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला पाहिजे असा नियम आहे, उन्हाळ्यात 18 पर्यंत चालतं. पण कुठल्यातरी शेडमध्ये ड्रममधून स्वस्तात घेतलेल्या ‘बायोडिझेल’ला असला काही नियम नसतो. पाम तेलापासून केलेलं असेल तर ते थंडीत तुपासारखं गोठतं. लिटरमागे दहा-पंधरा रुपये वाचवून फिल्टर आणि नोझल विकत घेणारे लोक मी पाहिलेत. नावं सांगत नाही, दोघं समोर बसलेत.

धूर एकाच सिलिंडरचा असेल, इंजिन एका पायानं लंगडतंय असं वाटत असेल, तर पाण्याची बाटली घ्या, बुचाला टाचणीनं भोक पाडा. गाडी चालू होऊन तीस सेकंद झाली की मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या, एकेका तोंडावर थेंब टाकत जा. पहिल्यावर छुन्न्. दुसऱ्यावर छुन्न्. तिसऱ्यावर थेंब ओघळून खाली जातो, आवाज नाही. तिसरं सिलिंडर पेटत नाहीये. तापमान मोजायची गन असेल तर तीही चालेल, पण बाटलीचा सेल संपत नाही. पाच मिनिटं थांबलात तर सगळंच तापतं आणि सहाही ठिकाणी छुन्न्च ऐकू येतं, म्हणून म्हणतो गाडी गार पाहिजे.

मग तिसऱ्याचा नोझल पाचव्याला, पाचव्याचा तिसऱ्याला. आणि थांबा, उद्या सकाळपर्यंत. उद्या पाचवं गार लागलं तर नोझल खराब. तिसरंच गार राहिलं तर नोझलचा दोष नाही, टॅपेट बघा, व्हॉल्व्ह बघा, मग कॉम्प्रेशन मोजा. या परीक्षेला खर्च शून्य, फक्त एक रात्र लागते. लोकांना ती रात्र महाग वाटते, त्यापेक्षा सहा नोझल बदलणं त्यांना स्वस्त पडतं.

नोझलकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाइपचा नट सैल करून कुठलं सिलिंडर मेलंय ते बघायची जुनी पद्धत तुम्हाला माहीत आहे. ती जुन्या पंपाच्याच गाडीवर. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जोरदार दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीवर नटाला हात लावायचा नाही. तिथे दाब 1600 बार, त्याहून जास्तही असतो. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, आणि आतून बोट सडतं. तसं झालं तर मलम नाही, तडक दवाखाना, आणि तिथे स्पष्ट सांगायचं की डिझेल आत गेलंय.

निळा धूर म्हणजे ऑइल. सकाळी चालू करताना निळा भपका येऊन मिनिटभरात जात असेल, तर व्हॉल्व्हचे सील बहुतेक कडक झालेत, रात्रभर ऑइल गाईडमधून झिरपून बसतं. गरम झाल्यावरही निळा येत असेल, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धाप टाकल्यासारखी वाफ मारत असेल, तर रिंग-पिस्टनचा खर्च मनात धरा. त्याआधी डिपस्टिक बघा, कोणी प्रेमानं जास्त ऑइल ओतलंय का, आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा रेटणाऱ्या पंख्याचा, पाइप काढून आत ऑइल लागतंय का ते बोट फिरवून बघा.

काळ्याबद्दल फार बोलत नाही. तो सकाळचा आजार कमी, चढावरचा जास्त. लळिंग घाटात काळा धूर ओकणारी गाडी हवा मागतेय, एअर क्लीनर बघा.

बीएस-6 गाड्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, एप्रिल 2020 पासूनच्या, त्यांचं गणित निराळं. त्यांच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असतो, त्यामुळे काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर फिल्टर फुटलाय, किंवा कोणीतरी तो काढून पोकळ डबा बसवलाय. अशा गाडीवर स्कॅनर लावून एकच गोष्ट आधी बघा. रात्रभर उभी होती ना? मग कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, बाहेर 11 अंश तर दोन्हीकडे 11-12. एका गाडीला हवा 11 आणि कूलंट 74 दाखवत होतं. इंजिन दगडासारखं गार, पण कॉम्प्युटरला वाटतंय तापलेलं आहे, म्हणून तो गार इंजिनाला लागणारं जास्तीचं डिझेल आणि टायमिंग देतच नव्हता. छोटासा सेन्सर. त्यापायी आधी दोन ठिकाणी पंप खोलून झाला होता. हेही गार गाडीवरच कळतं. दुपारी बघितलं असतं तर 74 चा आकडा बरोबरच वाटला असता.

कोणीतरी चिठ्ठी पाठवलीय, ‘काकडा पेटवून हवेच्या पाइपाला धरला तर चालतं का?’ चालतं, म्हणूनच ते वाईट. जळकी चिंधी आत गेली की टर्बोचं पान जातं. हीटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारला तर पिस्टन फुटू शकतो. चेंबरखाली जाळ करणाऱ्याला मी काही सांगत नाही, त्यानं आधी चेंबरची गळती बघावी. आणि थंडी वाजते म्हणून शटर ओढून आत गाडी चालू ठेवू नका. धूर दिसला नाही तरी तो विषारी असतो, झोपलेला क्लीनर उठत नाही.

आणि पहिला धूर दिसला की जोरात रेस देऊन तो ‘काढून टाकायची’ सवय सोडा. गार इंजिनात ऑइल वरपर्यंत पोचलेलं नसतं. उभी चालू द्या मिनिट-दोन मिनिटं, मग हळू निघा.

बोलणं पुरे. गेटजवळ ती कांद्याची रिकामी गाडी उभी आहे, मालक म्हणतात सकाळी धूर मारते. बघायचं असेल त्यानं उद्या सव्वासहाला यावं, स्वेटर घालून. पांढरं फडकं मी आणतो, बाटली कोणीतरी आणा. आणि चालकभाऊ, कुठे आहात? त्या गाडीची किल्ली आत्ताच माझ्या हातात द्या.