किंचाळतो एक, बिघडलेला दुसराच

(दृश्य: गाडीखाली कॅमेरा. गाडीच्या फ्रेमला, म्हणजे चॅसीच्या लांब लोखंडी पट्टीला, डावीकडे आवळलेला पंप. आवाज: बारीक, सलग.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या.

गाडी १९८८ ची फोर्ड एफ-१५०. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, पेट्रोलच्या दोन टाक्या. अमेरिकेत अशा पिकअप आजही कामाला जुंपलेल्या दिसतात. ड्रायव्हरच्या पायाखालून हे किंचाळणं सुरू झालं की मालक वैतागतो, मेकॅनिक खाली शिरतो आणि समोर दिसेल तो पंप बदलून मोकळा होतो. चांगला पंप भंगारात जातो, याचं फार वाईट वाटतं.

आवाज फ्युएल पंपाचाच, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपाचाच आहे ना, ते पहिल्यांदा बघू. ॲक्सिलरेटरबरोबर तो चढत-उतरत असेल, तर अल्टरनेटर किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप तपासा. हा फ्युएल पंप विजेवर चालतो, इंजिनाच्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा. सेकंदभर घूंऽऽ झालं आणि थांबलं? मग तोच.

(दृश्य: टाक्यांपासून इंजिनापर्यंतची पेट्रोल लाइन.)

आता खरी गोम. या गाडीत पंप एक नाही, तीन आहेत. दोन्ही टाक्यांत एकेक छोटा, कमी दाबाचा. त्याचं काम एवढंच, की पेट्रोल उचलून पुढे पोचवायचं. तिसरा फ्रेमवरचा, जास्त दाबाचा, इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला, पेट्रोल देणारा. डॅशबोर्डवरच्या बटणाने जी टाकी निवडाल तिचा पंप चालतो, फ्रेमवरचा मात्र कायम चालू.

फ्रेमवरचा पंप ढकलण्यासाठी बनवलाय, ओढण्यासाठी नाही. टाकीतला पंप मेला, की याला लांबलचक पाइपातून, त्या मेलेल्या पंपातूनच पेट्रोल खेचावं लागतं. ओढीमुळे पाइपातला दाब घटतो, गरम पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि ते पंपात शिरून फुटतात. किंचाळणं ते हेच. पेट्रोलच या पंपाचं वंगण आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. तेच नीट मिळालं नाही तर तो झिजत जातो. गाडी मात्र चालत राहते, म्हणून कुणाला संशय येत नाही. भर उन्हात, टाकी तळाला आलेली असताना चढ लागला, की धक्के बसायला लागतात.

अशा वेळी फ्रेमवरचा पंप बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवा पंपही तसाच ओरडणार.

(दृश्य: बोट बटणावर. पुढची टाकी, मग मागची.)

बटण मागच्या टाकीवर टाकलं. ऐका. थोडा वेळ तसाच... आणि उतरला. म्हणजे पुढच्या टाकीचा पंप गेला.

पडताळा घेऊ. पुढच्या टाकीचं झाकण काढून तोंडाशी कान लावायचा, दुसऱ्याने किल्ली फिरवायची. काहीच नाही. मागच्या टाकीत मात्र बारीक गुणगुण ऐकू येते. आता पुढच्या टाकीच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावा. किल्ली फिरवताच दिवा क्षणभर लागला, तर वीज पोचतेय, पंपच मेलाय. नाही लागला, तर हिरवा पडलेला कनेक्टर आणि वायर आधी बघा. क्वचित पंप गुणगुणतो, पण टाकीतला रबरी पाइपचा तुकडा फाटलेला असतो आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरत राहतं. ते टाकी उतरवल्याशिवाय कळत नाही.

इंजिनावरच्या फ्युएल रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला, गेज लावून ३५ ते ४५ पीएसआय असा योग्य दाब दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. उभ्या गाडीला पेट्रोल लागतंच किती!

दोन्ही टाक्यांवर आवाज तेवढाच असेल, तर फ्रेमवरचे फिल्टर बघा. पंपाखालचं रबर चुरा होऊन पंप लोखंडाला टेकलाय का, तेही बघा. तेवढ्यानेही अख्खी चॅसी घुमते.

हे सगळं १९८९ पर्यंतच्या, इंजेक्टर असलेल्या गाड्यांसाठी. १९९० पासून फोर्डने फ्रेमवरचा पंप काढून जास्त दाबाचा पंप टाकीतच बसवला.

(दृश्य: टाकी जॅकवर उतरते आहे.)

काम उघड्यावरच करा, बॅटरीची निगेटिव्ह काढून, टाकी रिकामी करून. फ्रेमवरच्या पंपाला तूर्त हात लावू नका. टाकीतला नवा पंप बसल्यावरही तो ओरडत राहिला, तर उपाशी चालून झिजलाय असं समजा आणि मग खुशाल बदला.