पगार नको, घर कधी घेतलं ते सांगा

[दृश्य: कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहरातली शांत गल्ली, सकाळची वेळ. ओळीनं बैठी लाकडी घरं.]

निवेदन:
ही शेजारशेजारची दोन घरं बघा. तीन बेडरूम, पुढं हिरवळीचा तुकडा, मागं लिंबाचं झाड. रस्ता एकच, कचऱ्याची गाडी एकच, पोरांची शाळाही एकच. आता समजा, डावीकडच्यांनी घर १९७५ साली पन्नास हजार डॉलरला घेतलं आणि उजवीकडच्यांनी २०२४ साली वीस लाखांना. तर उजवीकडचे वर्षाला वीस हजार डॉलर मालमत्ता कर भरतात. डावीकडचे? साडेतेराशेच्या आसपास.

ही चूक नाही, कायदा आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. मूळ कर किमतीच्या एक टक्का. घराचा मालक बदलत नाही तोवर ती किंमत कागदावर वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. बाजारात घर चाळीस पट महाग होवो, कागदावर ते पावणेतीन पटीलाही पोचत नाही. म्हातारपणी कराच्या ओझ्यानं कुणाला घर सोडावं लागू नये, हा हेतू चांगलाच होता. पण असं घर विकायला कोण काढेल?

[दृश्य: नकाशा. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं दक्षिण टोक.]

ही सान्ता क्लारा काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो धरून पंधरा शहरं. जगाच्या तोंडी हिचं नाव सिलिकॉन व्हॅली.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. फळबागा, फळं वाळवायचे ट्रे.]

१९४० च्या जनगणनेत इथं पावणेदोन लाख माणसं होती, आणि नजर जाईल तिथवर आलुबुखार नि जर्दाळूच्या बागा. मग चिप बनवणाऱ्या कंपन्या आल्या: १९५७ मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर निघाली, १९६८ मध्ये इंटेल. १९७० पर्यंत लोकसंख्या दहा लाखांवर गेली आणि २०२० मध्ये ती १९,३६,२५९ होती. बागा तुटल्या, पण त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी पसरली ती हीच बैठी घरं. सॅन होजे दहा लाखांचं शहर. २०१९ साली तिथल्या निवासी जमिनीपैकी तब्बल ९४ टक्के जमीन फक्त स्वतंत्र घरांसाठी राखीव होती. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात विचारतोच: एवढ्या कंपन्या आहेत, मग इमारती कुठायत?

पुढं राज्यानं नियम सैल केले. पण कायदा बदलला म्हणून भिंती लगेच उभ्या राहत नाहीत.

[दृश्य: ऑफिसांच्या काचेच्या इमारती, सायकलवरून जाणारे कर्मचारी.]

आता कमाई. काउंटीतली सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमानं रांगेत उभी केली, तर बरोबर मध्यावरचं कुटुंब वर्षाला दीड लाख डॉलरच्या पुढंच कमावतं. आपण मनातल्या मनात रुपये करतो आणि गप्प होतो.

पण दुसरा आकडाही ऐका. परवडणाऱ्या घरांच्या योजनांसाठी ‘अल्प उत्पन्न’ कुणाला म्हणायचं, याची मर्यादा दरवर्षी ठरते. २०२५ साली एकट्या माणसासाठी ती होती १,११,७०० डॉलर. रुपयांत नव्वद लाखांच्या वर कमावणारा इथं सरकारी कागदावर अल्प उत्पन्नवाला.

[दृश्य: पहाट. ऑफिसच्या लॉबीत फरशी पुसणारे हात.]

आणि ज्यांची कमाई खरंच अल्प आहे, त्यांचं काय? २०२५ मध्ये सॅन होजेतलं किमान वेतन तासाला १७.९५ डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षभरात एकही खाडा नाही, तर हातात ३७,३३६ डॉलर. असे तिघं मिळून कमावतात १,१२,००८. म्हणजे एका ‘अल्प उत्पन्नवाल्या’पेक्षा ३०८ डॉलर जास्त!

दोन बेडरूमच्या फ्लॅटला महिन्याला तीन हजार डॉलर धरा. त्यात मिळाला तर नशीबच. वर्षाचे झाले छत्तीस हजार. एकट्याच्या पगारातून उरले १,३३६, आणि अजून किराणा भरायचाय, कर तर कापलेलाच नाही. म्हणून एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, म्हणून गॅरेजमध्ये भाडेकरू. म्हणून घरं स्वस्त असलेल्या दूरच्या स्टॉकटन शहरातून अंधारात सुटणारी रेल्वे, जी सॅन होजेला पोचायला दोन तासांवर घेते.

[दृश्य: सॅन होजेचं अधिवेशन केंद्र, बाहेरून.]

२०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन याच शहरात भरलं होतं. इथं मराठी माणसं भेटली की नाटक, राजकारण, मिसळ सगळं बोलून होतं आणि गाडी दोन प्रश्नांवर येते: ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? आणि घर कधी घेतलंत? ‘कधी’वर जोर असतो. २०११ मध्ये घेतलेला जरा सैल बसतो. पगार दुप्पट असूनही आत्ता शोधणारा घड्याळाकडं बघतो. त्याच २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत सॅन होजे महानगरात विकल्या गेलेल्या स्वतंत्र घरांची मधली किंमत वीस लाख डॉलर ओलांडून गेली. अमेरिकेतल्या कुठल्याही महानगरात तोवर असं झालं नव्हतं.

[दृश्य: रात्र. एल कामिनो रियाल रस्ता, बसच्या खिडक्यांतला पिवळा उजेड.]

२०२३ च्या मोजणीत या काउंटीत ९,९०३ माणसं बेघर आढळली. पालो आल्टोहून पूर्व सॅन होजेला जाणारी २२ नंबरची बस रात्रभर धावायची, तेव्हा तिला लोक ‘हॉटेल २२’ म्हणत. तिकीट काढायचं, सीटवर डोकं टेकायचं, दीड-दोन तास झोप. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर सगळ्यांना उतरवायचा. माणसं पिशव्या घेऊन थंडीत उभी राहायची. थोड्या वेळानं बस उलट दिशेला निघायची, आणि तीच माणसं पुन्हा चढायची.