वेर्नात्सात मुक्काम: भिंतींनी धरलेलं गाव

(पहाट. समुद्रातून दिसणारं गाव.)

हे वेर्नात्सा. इटलीचा वायव्य किनारा, लिगुरिया प्रांत. दोन डोंगरांच्या बेचक्यात, एकमेकांना खेटून उभी असलेली ही घरं. गुलाबी, पिवळी, गेरूच्या रंगाची. खिडक्यांना हिरव्या झडपा. समोर एवढंसं बंदर. उजवीकडे खडकावरचा जुना बुरूज. डावीकडे, पाण्याला जवळजवळ टेकलेलं सांता मार्गेरिताचं चर्च, १३१८ साली लेखी नोंद झालेलं.

अशी पाच गावं इथं ओळीनं आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे. पाचही मिळून चिंक्वे तेर्रे. १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत.

आता घरांवरून नजर वर न्या. डोंगरावर या आडव्या रेघा दिसतात ना? एकीवर एक, थेट माथ्यापर्यंत. आम्ही इथं राहायला आलो ते खालचं गाव बघायला. चार दिवसांनी निघालो, तेव्हा कॅमेऱ्यात जास्त भरल्या होत्या त्या या रेघा.

(बोगदा. आगगाडी थांबते.)

गावात यायचं ते गाडीनं. जवळच्या ला स्पेत्सिया शहराहून वीस-पंचवीस मिनिटं. बोगद्यामागून बोगदा, आणि मधेच क्षणभर निळा समुद्र. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग १८७० च्या दशकात पुरा झाला. त्याआधी इथं होडीनं यायचं, नाहीतर खेचराच्या वाटेनं. स्टेशन दोन बोगद्यांच्या मधल्या उघड्या जागेत आहे. फलाट तिथं मावत नाही. तुमचा डबा बोगद्यात थांबला, तर घाबरू नका, तिथंच उतरायचं आणि उजेडाकडे चालत यायचं.

मोटारी गावात येत नाहीत. आणि स्टेशनपासून पुढे सगळा कारभार पायऱ्यांचा. सामान कमी आणा, हे आम्ही मनापासून सांगतो. चाकांची बॅग या दगडी पायऱ्यांवर कामाची नाही. ती उचलावीच लागते.

(अरुंद गल्ली. वर वाळत घातलेल्या चादरी.)

या गल्लीला इथं कारुज्जो म्हणतात. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. आमची खोली या दारातून आत, सत्तर पायऱ्या वर. लिफ्ट नाही. ती बसवायला जागाच नाही. खोली लहान, भिंत हातभर जाड, खिडकी उघडली की समोरच्या आजींचं स्वयंपाकघर. त्यांनी पहिल्याच सकाळी मान हलवून "बोंजोर्नो" म्हटलं, आणि मग रोज आम्हीच आधी म्हणू लागलो. इथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे पाहुण्यानं ध्यानात ठेवायचं. रात्री गल्लीत बोललेला शब्द चार घरांत ऐकू जातो.

आल्या आल्या पासपोर्ट द्यावा लागतो. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं इटलीत बंधनकारक आहे. माणशी, रात्रीमागे थोडा पर्यटन करही असतो. रात्री गाड्यांची धडधड ऐकू येते. दुसऱ्या रात्रीपासून त्यातही झोप लागते.

(भट्टी. तांब्याची मोठी परात.)

ही फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. पातळ कालवून परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत सरकवायचं. कडा कुरकुरीत, मधे मऊ. बेसनाच्या पोळ्यावर वाढलेल्या जिभेला हिची ओळख करून द्यावी लागत नाही. शाकाहारी माणसाची इथं उपासमार होत नाही. फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलातला चपटा पाव, आहे. बटाटा आणि फरसबी घालून केलेला, तुळशीच्याच कुळातल्या बेसिलच्या चटणीतला पास्ता आहे. तेवढं आधी सांगा, की मासा नको. कारण इथं खारवलेला आंचोव्ही कशावरही येऊ शकतो.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, चौकात पाय ठेवायला जागा नसते. गाड्या भरून येतात, बोटी भरून येतात. फोटो होतात, आइस्क्रीम होतं, परतीची गाडी येते. जो मुक्कामाला आहे त्यानं त्या वेळात वर जावं. डोंगरात.

(चढण. पायाखाली दगडी पायऱ्या. द्राक्षवेली.)

बूट घाला. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. पायवाटांवर चपला घालून जायला उद्यानाची मनाई आहे, दंडही होतो. आणि वर आलात की थांबा. हात लावून बघा.

ही ती रेघ.

कोकणातला माणूस ही भिंत बघताक्षणी नाव सांगेल: गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावा नाही. दगडावर दगड. फरक एवढाच की आपला गडगा हद्द दाखवतो. हा डोंगर धरतो. या उतारावर मूळची सपाट जमीन नव्हतीच. माणसांनी भिंत रचली, मागे माती भरली, तेवढं एक वाफ्याएवढं शेत झालं. मग वर दुसरी भिंत. हे काम हजारेक वर्षं चाललेलं आहे.

(वृद्ध गवंड्याचे हात, जवळून.)

हे बाबा सत्तरी ओलांडलेले. ढासळलेला एक तुकडा पुन्हा रचताहेत. बघा, आधी पडलेले सगळे दगड वेगळे केले. मोठे इकडे, मध्यम तिकडे, कपच्या टोपलीत. पाया खणला तो घट्ट जमीन लागेपर्यंत. सगळ्यात मोठे दगड तळाला. प्रत्येक दगड हातात फिरवून बघतात. त्याचं तोंड कुठलं, पाठ कुठली. चांगलं तोंड बाहेर, शेपूट आत डोंगराकडे. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा दगड. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच फाटते. दगड डुलत असेल तर मागून कपचीची पाचर. हातोडीचा एक ठोका, फार तर दोन. मग तळहातानं दाबून बघायचं.

भिंत सरळ उभी नसते. ती थोडी मागे, डोंगराच्या अंगावर रेललेली असते. आणि तिच्या पाठीमागे मातीच्या आधी हा छोट्या दगडांचा भराव. सगळं मर्म इथं आहे. पाऊस पडला की पाणी मातीतून या भरावात येतं, दगडांच्या फटींतून वाट काढत खाली झिरपतं. सिमेंटची भिंत पाणी अडवते, आणि मग पाणी आणि माती मिळून तिला ढकलतात. ही भिंत पाणी जाऊ देते. म्हणून टिकते.

पण ती दर वर्षी बघावी लागते. एक दगड सुटला तर त्याच आठवड्यात बसवावा लागतो. माणसं शहरात गेली, शेतं पडीक पडली, झुडपांची मुळं भिंतीत शिरली. अशा पडीक शेतांचे हे हिरवे चट्टे. दुरून सुंदर दिसतात. २०१८ साली बिनगिलाव्याची भिंत बांधण्याची ही कला आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यात इटली आहे. मानारोलात आता नव्या लोकांना हे काम शिकवतात. फार चांगलं आहे हे, आणि याहून कितीतरी जास्त व्हायला हवं.

(एकेरी रुळावरून येणारी छोटी गाडी. द्राक्षांच्या पेट्या.)

सप्टेंबर. द्राक्षांची तोड. हा एकच रूळ, दातेरी, आणि त्यावर चढणारी ही इंजिनाची गाडी. ही येण्याआधी प्रत्येक पेटी खांद्यावरून किंवा डोक्यावरून जायची.

बोस्को, अल्बारोला, वेर्मेंतिनो. या तीन द्राक्षांतून इथली साधी पांढरी वाइन होते. आणि निवडक घोसांची होते शाक्केत्रा. घोस सावलीत, वाऱ्यावर, जाळ्यांवर पसरतात. दाणे सुरकुततात, गोडी आटून येते. एक नोव्हेंबरच्या आत रस काढायचा नाही, असा नियम. दाणे देठावरून हातानं काढतात. शंभर किलो ताज्या द्राक्षांतून जेमतेम तीसेक लिटर. रंग बघा, मधासारखा. जेवणानंतर छोट्या पेल्यात, घोट घोट.

ही वाइन महाग आहे. तिच्या किमतीत भिंत आहे. गावात राहणार असाल तर चुंबक, टोप्या यांवर पैसे घालवण्याऐवजी या डोंगरातली एक बाटली घ्या, साधी पांढरी असली तरी चालेल.

(जुने फोटो. चिखलानं भरलेला मुख्य रस्ता.)

२५ ऑक्टोबर २०११. काही तासांचा पाऊस, वरून दरड, आणि रस्त्याखालून वाहणारा ओढा चिखल होऊन वर आला. वेर्नात्सात तीन माणसं गेली. पहिल्या मजल्यापर्यंत गाव बुजलं होतं.

(संध्याकाळ. चौक.)

शेवटची बोट गेली. चौकात आता मुलं चेंडू खेळताहेत. होड्या पाण्यातून ओढून चौकातच उभ्या करतात, आणि बाकावर बसलेली मंडळी अशी गप्पा मारतात की जणू दिवसभर इथं कुणी आलंच नव्हतं. हा तास फक्त मुक्कामाच्या माणसाला मिळतो. एका रात्रीत तो हाती लागत नाही. पहिली रात्र जिने मोजण्यात जाते. निदान तीन रात्री राहा.

(दिवे. मग पुन्हा डोंगर, सकाळ.)

निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. बाबा आमच्या आधी आलेले. भिंत छातीपर्यंत चढली होती. वरच्या थराचे रुंद, चपटे दगड त्यांनी बाजूला निवडून ठेवले होते. आम्ही विचारलं, अजून किती दिवस? त्यांनी समुद्राकडे हात केला. क्षितिजावर ढग होते. ऑक्टोबर चार दिवसांवर होता. पाऊस यायच्या आत वरचा थर बसायला हवा, म्हणाले, आणि पुढचा दगड उचलला.