सांदवाडीतली फळं आणि खारीची वाट

(नागभीड तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटांच्या बैठकीनंतर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मायबाईहो, आणि मागं कडुनिंबाखाली बसलेल्या दादाहो,

बैठक सुरू व्हायच्या आधी इथल्या एका आजीनं मला हाताला धरून आपल्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत नेलं. जांबाचं झाड (पुण्या-मुंबईकडं ज्याला पेरू म्हणतात तोच आपला जांब), सीताफळाची दोन झाडं, एक डाळिंब, कुडावर वालाचा वेल. त्यांनी डाळिंबाचं एक फळ माझ्या हातात दिलं. बाहेरून लालबुंद, पण वजन नाही. फिरवून पाहिलं तर देठाजवळ रुपयाएवढं भोक आणि आतले दाणे साफ. आजी म्हणाल्या, "नातीसाठी राखले होते जी बाई. सहा होते. एकही नाही उरला." तेव्हापासून मी ज्या विषयावर बोलायला आले होते तो बाजूला ठेवला आहे. आज खारीवरच बोलते.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं घरामागं झाडं लावली. खारीनं माझंही नुकसान केलं आहे, म्हणून तुमचा राग मला कळतो. तरीही सांगते, खारीशी वैर धरून एकही फळ वाचत नाही. ती कुठून येते आणि कशासाठी येते हे कळलं की बरीच फळं वाचतात.

त्याच्याही आधी, फळ खारीनंच खाल्लं का ते ठरवा. आपण दिवसा खारीला झाडावर बघतो आणि सगळा आळ तिच्यावर घेतो. खार दिवसाची आहे. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, आणि पुन्हा दुपार कलल्यावर तिची धावपळ चालते. रात्री ती घरट्यात असते. संध्याकाळी चांगलं असलेलं फळ तुम्हाला उजाडायच्या आत फुटलेलं सापडलं, तर चोर दुसरा आहे. झाडाखाली चघळून टाकलेले चोथ्याचे गोळे पडले असतील तर वटवाघूळ. पपई रात्रीत पोखरली असेल तर उदमांजर किंवा उंदीर. पोपट दिवसाच येतो, पण त्याची रीत वेगळी: एका फळाला चोच मारतो, टाकतो, दुसरं धरतो, आणि खाली अर्धवट फळांचा सडा पडतो. बुलबुलानं खाल्लेल्या जांबाला वरून गोल खळगा दिसतो. खारीचे पुढचे दात सुताराच्या पटाशीसारखे असतात. भोकाच्या काठावर बारीक, जोडीजोडीच्या खुणा दिसतात. डाळिंबाची साल ती खात नाही, कुरतडून टाकते, म्हणून खाली सालीचे तुकडे सापडतात. आजीच्या डाळिंबाखाली ते होते. तिथं चोर खारच.

जांबाचं मात्र नीट बघा. पुष्कळदा त्याला आधी फळमाशी लागलेली असते. माशी सालीत अंडी घालते, बाहेर सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो, आत अळ्या पडतात, फळ मऊ होऊन गळतं. मग ते पडलेलं फळ खार खाते आणि आपण म्हणतो खारीनं पाडलं. काटोलकडं माझ्या बहिणीची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली फळं पावसाळा सरताना गळायला लागली, फळाला बारीक छिद्र. गड्यांनी खारींवर गुलेल चालवली. मी गेले तेव्हा रात्री टॉर्च घेऊन बागेत फिरलो. फळांवर मोठे पतंग बसले होते, टॉर्चच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते. मागचे पंख केशरी, त्यावर काळे डाग. हा रस शोषणारा पतंग. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या त्या वेली काढायच्या, गळलेली फळं पुरायची आणि संध्याकाळी बागेत धूर करायचा, हा त्यावरचा इलाज. खारी विनाकारण मार खात होत्या.

आता समजा, खारच आहे. मग तीन दिवस एक काम करा. सकाळचा चहा घेऊन सांदवाडीत बसा आणि ती झाडावर कुठून चढते ते बघा. बोलू नका, हाकलू नका, नुसतं बघा. तिची वाट ठरलेली असते. माझ्या आंब्यावर ती खोडानं कधीच चढत नव्हती. गोठ्याच्या कवेलूवरून (कौलांवरून) शेवग्याच्या फांदीवर, तिथून आंब्यावर. मी खोडाला बोराटीचे काटे बांधत बसले होते आणि ती माझ्या डोक्यावरून जात होती. काट्यांचा तसाही फार उपयोग नाही, एवढासा जीव काट्यांमधून सहज सरकतो.

आंबा, चिकू, नारळ असं सरळ खोडाचं, एकटं उभं असलेलं झाड असेल तर टिनाच्या पत्र्यासारखा दुसरा उपाय नाही. गुळगुळीत पत्रा घ्या, २ फूट रुंद. जमिनीपासून ५-६ फूट उंचीवर खोडाभोवती असा गुंडाळा की टोकावर टोक चढेल. नख रोवायला तिला जागा मिळत नाही, ती घसरते. खिळे ठोकू नका. खोडाला जखम होते आणि झाड जाड व्हायला लागलं की पत्रा रुततो. तारेनं बांधा, आणि दर पावसाळ्यानंतर सोडून सैल करा. सोडलात की आत हात घालून बघा, ओल धरली असेल, वाळवी लागली असेल तर कळेल. पण पत्रा बांधून वरची वाट उघडी ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात. झाडाची फांदी छपरापासून, कुडापासून, शेजारच्या झाडापासून निदान ८-१० फूट लांब हवी. खार चांगली लांब उडी मारते, आणि वरून खाली मारायची असेल तर आणखी लांब. विजेच्या तारेपर्यंत गेलेली फांदी मात्र स्वतः तोडू नका, वीजवाल्यांना सांगा.

जांब, डाळिंब, सीताफळ यांना पत्रा चालत नाही. ही झाडं गुडघ्यापासूनच फुटतात, पत्रा बांधायला खोडच नसतं. तिथं झाड झाकायच्या भरीला पडू नका, फळ झाका. जांब लिंबाएवढा झाला की कागदी पिशवी चढवून देठाशी बांधली तर फळमाशीही थांबते. खारीला मात्र कागद, कापड, प्लास्टिक काहीच अडवत नाही. तिचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडणं तिला भागच आहे. म्हणून घराजवळच्या मोजक्या, जिवाभावाच्या फळांसाठी लोखंडी जाळी. अर्धा इंची भोकाची, गंज न लागणारी. तिची चौकोनी थैली वळायची, फळाला चहूकडून दोन बोटं जागा ठेवायची आणि फांदीला तारेनं बांधायची. एक थैली वर्षानुवर्षं टिकते. शंभर फळांना हे होणार नाही, हे मला कळतं. पण सांदवाडीत शंभर फळं झाकायची गरजही नसते. नातीसाठी सहा झाकायची असतात.

नायलॉनच्या जाळ्याबद्दल एक गोष्ट सांगते, सांगताना आजही वाईट वाटतं. एका वर्षी मी पूर्ण सीताफळावर मासेमारीचं जुनं जाळं टाकलं. सैल, जमिनीपर्यंत लोंबणारं. चार दिवस गावाला गेले. परत आले तर त्यात एक धामण अडकून मेलेली. पाच-साडेपाच फूट लांब. आपल्या धानाच्या बांध्यांतले उंदीर खाणारी, बिनविषारी. आणि खारीनं जाळं वरून कुरतडून आपली वाट केलीच होती. जाळं लावायचंच असेल तर ताणून, बांबूच्या चौकटीवर लावा, खालून गाठ मारा आणि रोज सकाळी एकदा बघा.

काढणीचा वेळ साधला तर निम्मं काम होतं. जी फळं तोडल्यावर घरात पिकतात ती झाडावर पिकेपर्यंत ठेवूच नका. सीताफळाचे डोळे उघडले, डोळ्यांमधल्या खाचा पांढरट-पिवळ्या दिसायला लागल्या, की तोडा आणि तणसात (भाताच्या पेंढ्यात) किंवा बारदान्यात ठेवा. दोन-चार दिवसांत पिकतं. झाडावर एक दिवस जास्त राहिलं तर खार, बुलबुल, मुंग्या सगळ्यांना आवतण जातं. आंब्याला पहिला पाड लागला की उतरवून अढी घाला. पपईला पिवळी रेघ दिसली की काढा. टमाटर अर्धं तांबडं झालं की तोडा, टोपल्यात रंगतं. डाळिंब आणि संत्र्याचं तसं नाही. ती फळं तोडली की जशी आहेत तशीच राहतात. त्यांना झाडावरच राखावं लागतं, म्हणून जाळीच्या थैल्या आधी त्यांच्यासाठी ठेवा.

भुईमूग, मका, वाल पेरला की खार वाफा उकरते. बी दिसलं तर ती घेणारच. पेरल्यावर वाफ्यावर तीच लोखंडी जाळी आडवी पसरा, दोन पानं फुटली की उचला. बियाणं मोड येऊन उभं राहिलं की तिचं मन त्यातून निघतं.

आणखी एक, जे आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. खारीला अंगणात आधी आपणच बोलावतो. उन्हाळ्यात बाजेवर वड्या, कुरडया वाळत असतात. शेंगा फोडून टरफलं तिथंच टाकतो. कोंबड्यांची चुरी दिवसभर सांडलेली असते. पोटभर खाऊन ती जवळच घर करते, कवेलूखाली किंवा आडव्या वाशावर. घरात कापसाचं गाठोडं असेल तर त्यातलाच कापूस ओढून नेते. मग तुमची सांदवाडी तिचीच. वाळवणावर लहान भोकांची जाळी टाका, चुरी कोंबड्यांपुरतीच टाका, गळकं फळ रोज उचला. याला पैसा लागत नाही.

तिखटाचा उपाय खूप जणी करतात. भिवापुरी मिरची पाण्यात उकळून शिंपडली तर खार काही दिवस दूर राहते, हे खरं आहे. तिच्या तोंडाला आपल्यासारखंच झोंबतं. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, म्हणून पोपटावर याचा काही परिणाम नाही. एक पाऊस आला की सगळं धुऊन जातं, पुन्हा शिंपडा. कोवळ्या रोपांवर चालतं, पण दोन दिवसांत तोडायच्या फळावर शिंपडू नका, तुमचीच पोरं ते खाणार आहेत. चमकणाऱ्या पट्ट्या, जुन्या सीडी, बुजगावणं यांना ती आठवड्याभरात ओळखते.

विषाचं मात्र मी स्पष्ट बोलते. उंदराची काळी पूड पिठाच्या गोळीत घालून झाडाखाली ठेवतात, हे मी पाहिलं आहे. ती गोळी कुत्रा खातो, कोंबडी खाते, रांगतं पोर तोंडात घालू शकतं. मेलेली खार मांजर खाते, आणि त्या विषाचा फटका मांजरालाही बसू शकतो. पिंजऱ्यात धरून दूर जंगलात सोडणंही मला पटत नाही. ती मादी असेल तर घरट्यात डोळे न उघडलेली दोन-चार पिल्लं उपाशी मरतात, आणि रिकामी झालेली जागा थोड्याच दिवसांत दुसरी खार घेते. फळं मात्र जातच राहतात.

मघाशी एका दादांनी विचारलं की ठिबकच्या नळ्या खार का कुरतडते, तिथं तर खायला काही नाही. दादा, पाण्यासाठी. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा नाल्यात थेंब नसतो, आणि नळीत पाणी खेळत असतं. उंदीरही तेच करतो. मार्चपासूनच बागेच्या बाहेर, धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा. फळझाडांपासून लांब ठेवा आणि एक दिवसही खंड पडू देऊ नका. सगळ्या नळ्या वाचतील असं नाही म्हणत, पण तहानलेला जीव नळीकडं कमी वळतो.

दुसरा प्रश्न पाठीवरच्या पट्ट्यांचा होता. रामानं बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. आपल्याकडं मध्य भारतात सर्रास दिसते ती पाच पट्ट्यांची, तीन पट्ट्यांची दक्षिणेकडं जास्त. उद्या सकाळी चहा घेऊन बसाल तेव्हा मोजा. मेळघाटाकडं कुणाचं माहेर असेल तर तिथली मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार म्हणजे शेकरू. ते आपलं राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. ते फळझाडावर आलं तर हात लावू नका, वनरक्षकाला कळवा.

आता बोलणं पुरे, दिवस मावळायला अजून तासभर आहे. आजीच्या सीताफळांवर चांगली अकरा फळं आहेत, मी मोजली, आणि त्यातल्या दोन फळांचे डोळे उघडायला लागले आहेत. ती दोन आजच तोडू. उरलेल्या नवांसाठी थैल्या वळू. ज्यांच्या घरी अर्धा इंची जाळीचा तुकडा असेल त्यांनी तो घेऊन या. कुणी पक्कड आणा, कुणी तार. खिळे आणू नका.