भिंतीपलीकडचं भजन

नमस्कार श्रोतेहो. ठाणे मध्यवर्ती कारागृहाची जुनी दगडी भिंत तुम्ही रिक्षातून जाता-येता पाहिली असेल. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते आणि १८१६ मध्ये ते इथून निसटले. सांगतात ते असं, की एक मोतद्दार घोड्याची निगा करता करता त्यांच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि पळायचा बेत त्या गाण्यांतूनच आत पोचायचा. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी कुठलं कळायला! १८२५ मध्ये या भागात आलेल्या बिशप हेबर यांनी ही हकीगत लिहून ठेवली. गंमत म्हणजे हेबर स्वतःही गीतं लिहायचे. त्यांची उपासनागीतं चर्चमध्ये आजही गातात.

आम्ही मात्र त्या भिंतीआड जातो ते रीतसर अर्ज करून, अधीक्षकांच्या परवानगीने. मी ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो. नाताळच्या सुमारास आमचा गट आत जातो. मोबाइल, पाकीट गेटवर ठेवायचं. मग झडती. पेटीचं झाकण उघडून, भाता ताणून बघतात. ढोलकीवर थाप मारून बघणारे एक हवालदार तर ठेकाही छान धरतात.

आत बसलेले बहुतेक कच्चे कैदी. पुढची तारीख कधी, जामीन कोण राहणार, हेच डोक्यात. त्यांना प्रवचन द्यावं असं मला वाटत नाही. वकील, पोलीस, घरचे, सगळे त्यांना काही ना काही सांगतच असतात. शिवाय चौकात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली तर न पटणारा माणूस चालू लागतो. इथे उठून जाणार कुठे? संविधानाच्या २५व्या कलमाने मला धर्माच्या प्रसाराचा हक्क दिलाय, तसंच त्यालाही त्याच्या मनाचं स्वातंत्र्य दिलंय. म्हणून गाणं बरं. वाटलं तर म्हणावं, नाहीतर भिंतीला टेकून डोळे मिटावेत.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात आहेत. अंगावर फटके, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री दोघं गाऊ लागतात. बाकीच्या बंदिवानांबद्दल एवढंच लिहिलंय, की ते ऐकत होते. विश्वास कोणी ठेवला, तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने! आमच्यातल्या काही उत्साही तरुणांना प्रत्येक भेटीनंतर किती जणांनी विश्वास ठेवला याचा आकडा हवा असतो. त्यांना मी हा अध्याय वाचायला सांगतो.

आता गायचं काय? गिटारवर इंग्रजी कॅरल म्हटलं की टाळ्या पडतात, पण तोंडं मिटलेलीच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांनी येशूची भजनं आपल्या मातीतल्या चालींवर रचली, ती इथे कामाला येतात. भजनी ठेका सुरू झाला की माणूस लातूरचा असो की पनवेलचा, ध्रुवपद आपसूक झेलतो. पट्टी काळी एक, त्याच्या वर जायचं नाही; रात्र रात्र जागलेले गळे ताणले जात नाहीत. कागद वाटत नाही, कारण कितीतरी जणांना वाचता येत नाही. दोन ओळी आधी आम्ही म्हणायच्या, मग त्यांनी.

एकदा मागच्या रांगेतल्या एकाने जेवणाच्या थाळीवर असा ठेका धरला, की आमच्या ढोलकीवाल्याने मुकाट ढोलकी त्याच्यापुढे सरकवली. पुढची सगळी पदं त्यानेच वाजवली. शेवटी म्हणाला, “मास्तर, विठ्ठलाचा एक अभंग म्हणू का?” मी त्याची पट्टी विचारली आणि साथीला बसलो.

बाहेर आल्यावर आमचे एक ज्येष्ठ बंधू माझ्यावर उखडले. “आपण इथे विठ्ठल गायला आलो होतो का?” मी म्हटलं, “बंधू, इतका वेळ तो आपल्या येशूच्या पदांना ठेका देत होता, त्याने कुठे काही विचारलं?” त्यांना ते पटलं नाही. आमचा वाद अजून चालू आहे, आणि पुढच्या नाताळच्या अर्जात दोघांचीही नावं आहेत.