बेवड कडधान्याचा, हिशोब नत्राचा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

लासलगावला आज कांदा काय भावाने गेला, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मुगाचं विचारा, सगळे गप्प! पण त्याच कांद्याला मुगा-हरभऱ्याचा बेवड, म्हणजे रानात आधी घेतलेल्या पिकाचा लाभ, मिळाला तर जमीन कशी साथ देते, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

शेंगवर्गीय पिकं आपल्या नाशिक जिल्ह्यात पुष्कळ. पेठ-सुरगाण्याच्या उतारावर नागली-वरईबरोबर उडीद, कुळीथ. येवला-सिन्नरकडे बाजरीत तूर, हलक्या रानात मटकी. खरिपात सोयाबीन, भुईमूग. रब्बीत हरभरा, वाटाणा. जनावरांना लसूणघास आणि हिरवळीचं खत म्हणून गाडायला ताग, धैंचा.

या सगळ्यांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात. हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला चालेल अशा रूपात तिथे तयार होतो. मात्र गाठ दिसली म्हणजे काम झालं, असं नाही. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आत लालसर, गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू नाही, हिरवट असेल तर संपला.

गाठी कमी का येतात? एक तर बियाण्याला जिवाणू लावलेले नसतात. दहा किलो बियाण्याला पाव किलो संवर्धक, म्हणजे या जिवाणूंचं तयार मिश्रण, गुळाच्या पाण्यात कालवून, हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. हरभऱ्याचं संवर्धक सोयाबीनला चालत नाही, दुकानात पिकाचं नाव सांगूनच घ्या. दुसरं कारण म्हणजे युरिया. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कशाला पोसेल? हरभऱ्याला पेरताना एकरी एक गोणी डीएपी खत पुरते. कांद्याच्या सवयीने वरून युरिया फेकू नका.

आता जरा कटू बोलतो. 'सोयाबीन घेतलं, जमीन आपोआप सुधारली' हे मला पटत नाही. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे बराचसा नत्र पोत्यात बसून बाजार समितीत जातो. रानाला उरतो तो पाला, मुळं आणि भुसकट. तेही पेटवून दिलं तर कसला बेवड? तुरीचा पाला रानातच गळतो, म्हणून तिचा फायदा पुढच्या पिकात दिसतो. तागाचं तर सगळंच जमिनीत जातं. फक्त फुलोऱ्यावर आला की गाडा. उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं, लवकर कुजत नाही.

ज्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात रांगडा कांदा लावायचा आहे, त्यांनी जूनमध्ये मूग पेरावा. साठ-पासष्ट दिवसांत रान मोकळं होतं. शेंगा तोडा आणि पाला तिथेच रोटाव्हेटरने मिसळा.

हरभरा मात्र दरवर्षी त्याच वावरात नको, झाड सुकवणारा मर रोग मातीतच मुक्काम ठोकतो. मर जिथे दिसली आहे, तिथे विजय किंवा दिग्विजयसारखा वाण घ्या, आणि भारी काळ्या रानात पाणी बेतानेच द्या, नाहीतर पीक उभळतं, म्हणजे जास्त पाण्याने पिवळं पडून सुकतं.

नमस्कार.