जोर आणि आवाज : घरच्या ध्वनिमुद्रणातील ड्रमचा समतोल

श्रोतेहो, गोव्यात संगीत करणाऱ्या तरुणांच्या घरी आज संगणक, हेडफोन आणि ध्वनिमुद्रणाचे एखादे सॉफ्टवेअर सहज आढळते. खरा ड्रम-संच वाजवण्याची सोय मात्र क्वचितच असते, आणि शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागून असेल तर तो विचारच सोडावा लागतो. साहजिकच बहुतेक जण सॉफ्टवेअरमधला ड्रम वापरतात आणि लवकरच एका ठरावीक तक्रारीपाशी येऊन अडकतात. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ऐकू येत नाही, हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, कानात टोचतो आणि फेडर, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करणारा सरकता खटका, हलवावा तर सगळेच एकदम वाढते किंवा सगळेच एकदम दबते. या तक्रारीचे मूळ माझ्या मते असे आहे की ठोक्याचा जोर आणि त्याचा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आपण एकच धरून चालतो.

मिडी, म्हणजे कोणता आवाज कधी आणि कसा वाजवायचा हे वाद्याला आकड्यांनी सांगण्याची पद्धत, १९८३ पासून वापरात आहे. तिच्यात प्रत्येक ठोक्यासोबत त्याचा जोर सांगणारा १ ते १२७ मधला एक आकडा असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. चांगल्या ड्रम-वाद्यात एकाच स्नेअरची, म्हणजे खाली तारा ताणलेल्या ड्रमची, हळू, मध्यम आणि जोरकस ठोक्यांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे भरलेली असतात, त्यामुळे व्हेलॉसिटी ५० वरून ११० वर नेली की आवाज तर वाढतोच, शिवाय दुसरेच ध्वनिमुद्रण वाजू लागते आणि त्यात काठीची कडक थाप असते. फेडर असे काहीही करत नाही. तो मिळालेला ध्वनी जसाच्या तसा लहान-मोठा करतो. म्हणून स्नेअर मागे पडतो आहे असे वाटून त्याचे सगळे ठोके १२७ वर नेले, तर स्नेअर पुढे येतो खरा, पण वादक गाण्यावर चिडून वाजवतो आहे असा भास होतो. उलट, ३५-४० व्हेलॉसिटीचा हळुवार ठोका फेडरने वर ओढला तर त्यात स्नेअरखालच्या तारांची सळसळच अधिक ऐकू येते.

हाय-हॅटच्या बाबतीत हा भेद सर्वांत आधी तपासावा. चार मात्रांच्या एका आवर्तनात हाय-हॅटचे आठ ठोके आहेत आणि आठही १०० वर आहेत, असे नवशिक्याच्या कामात नेहमी दिसते. खरा वादक मात्रेवरचा ठोका काठीच्या मधल्या भागाने आणि दोन मात्रांमधला ठोका काठीच्या टोकाने मारतो, म्हणून मात्रेवरचे ठोके ८५ च्या आसपास आणि मधले ५५-६० वर ठेवून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच टोचणे थांबते आणि फेडरला हात लावावा लागत नाही.

जोर मार्गी लागला की प्रत्येक वाद्याला स्वतःचा फेडर मिळवून द्यावा लागतो. अनेक ड्रम-वाद्ये सुरुवातीला सगळा संच एकाच स्टिरिओ ट्रॅकवर आणतात; त्यातल्या काहींत संचातील प्रत्येक भागाची पातळी वाद्याच्या आतच बदलता येते, तर काहींत प्रत्येक भाग स्वतंत्र चॅनलवर काढता येतो. दोन्ही सोयी नसतील तर ट्रॅकच्या प्रती काढून एकीत फक्त किकचे, दुसरीत फक्त स्नेअरचे ठोके ठेवावेत. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या सामाईक यादीच्या क्रमांकांनुसार ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट आणि ४६ म्हणजे उघडा हाय-हॅट, त्यामुळे ठोके निवडणे अवघड नसते. मात्र बंद आणि उघड्या हाय-हॅटची ताटातूट करू नये. उघड्या झांजेचा लांबणारा नाद बंद ठोका पडताच तुटायला हवा, आणि हे तोडण्याचे काम ते दोन्ही आवाज एकाच वाद्यात असतील तरच होते. ते वेगळ्या ट्रॅकवर गेले की नाद पुढच्या ठोक्यावर सांडत राहतो आणि ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते आहे ते कळत नाही.

आता पातळ्या. संचात वरून घेतलेल्या मायक्रोफोनचा, म्हणजे ओव्हरहेडचा, चॅनल असेल तर आधी तोच उघडावा, कारण त्यात सगळा संच एकत्र ऐकू येतो. मग त्यात किक आणि स्नेअर गरजेपुरते मिसळावेत आणि टॉम, म्हणजे संचातले बाकीचे ड्रम, शेवटी पाहावेत. एकेक वाद्य सोलो करून, म्हणजे बाकी सगळी बंद ठेवून, सजवण्याची हौस मला घातक वाटते. एकटा ऐकताना भरदार वाटणारा किक गाण्यात बेस गिटारवर चढून बसतो. आणखी एक सवय म्हणजे कमी पडेल ते वाढवत जाणे. डिजिटल पातळीला शून्य डेसिबल ही वरची हद्द असते आणि तिच्यापुढे ध्वनी फाटतो, म्हणून स्नेअर कमी वाटला की आधी हाय-हॅट आणि क्रॅश ही मोठी झांज दोन डेसिबलने उतरवून पाहावे.

खरा संच मायक्रोफोनने घेतला असेल तर स्नेअरच्या मायक्रोफोनमध्ये शेजारचा हाय-हॅटही शिरतो आणि स्नेअर वाढवला की तोही वाढतो. घुमट या मडक्याच्या वाद्यावर होणाऱ्या आपल्या घुमट आरतीचे घरगुती ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा असेल. घुमट, काठीने वाजवायचे शामेळ आणि कांसाळे, म्हणजे झांजा, एकाच मायक्रोफोनसमोर वाजली की कांसाळे सगळ्यांवर मात करतात, आणि डाव्या हाताने मडक्याचे तोंड उघडझाप करून घुमटवादक जो घुमारा काढतो तो हरवतो. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा त्याचा तो घुमारा तरी नीट टिपला जावा. इथे इक्वलायझर, म्हणजे वरचे-खालचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारे साधन, फारसा उपयोगी पडत नाही. कांसाळे वाजवणाऱ्याला चार पावले मागे उभे करावे आणि मायक्रोफोन घुमटाकडे वळवावा.

आपण कुठे बसून ऐकतो, यावरही किकची पातळी ठरते. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या ध्वनीची लाट दोन भिंतींमध्ये उभी राहते. तिचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य असतो. खुर्ची बरोबर मधोमध असेल तर किकचा तळ ऐकूच येत नाही आणि माणूस तो वाढवत सुटतो. म्हणून खुर्ची थोडी पुढे-मागे करावी आणि हेडफोनवर पडताळून पाहावे. पावसाळ्यात कौलांवर धो-धो पाऊस पडत असताना हाय-हॅटची पातळी ठरवू नये, कारण पावसाचा आवाज वरचे स्वर झाकतो आणि उघडीप पडल्यावर तोच हाय-हॅट असह्य होतो.

कमी आवाजात कानाला खालचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. मोठ्या आवाजात केलेल्या मिश्रणात किक पुरेसा वाटतो आणि घरातल्या हळू आवाजात तो बारीक होतो, ते यामुळेच. शांत गप्पा मारता येतील इतक्या आवाजात बहुतेक निर्णय घ्यावेत. मोबाइलच्या स्पीकरवर ६० हर्ट्झ जवळजवळ वाजतच नाही. तिथे किक ओळखू येतो तो ३००० हर्ट्झच्या आसपासच्या टकटकीमुळे, म्हणून त्या भागाला थोडी उचल द्यावी. जत्रेतल्या मोठ्या कर्ण्यांवर ती टकटक जास्त वाटली तर तोच भाग कमी करावा, फेडर नव्हे.

तयार लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार ध्वनिमुद्रित तुकड्यात, सगळी वाद्ये एकजीव झालेली असतात. इक्वलायझरने हाय-हॅट दाबला की स्नेअरची धारही जाते, आणि ध्वनी वेगळे करणारी नवी साधने वापरली तर कडांना पाणचट खरखर उरते. अशा वेळी तोच ठेका ऐकून मिडीमध्ये नव्याने लिहून काढणे मला सोपे वाटते, कारण एका आवर्तनाचा ठेका लिहायला लागणारा वेळ त्या खटपटीपेक्षा बहुधा कमीच असतो.